लग्न झालं, स्थळ मात्र चालूच: इंदूरच्या एका वधू-वर सूचक केंद्रातलं प्रकरण

हे प्रकरण इंदूरमधल्या एका मराठी मंडळाच्या वधू-वर सूचक केंद्रात घडलं. मी तेव्हा मंडळाच्या कार्यकारिणीवर होतो. तक्रार आली आणि ती माझ्या गळ्यात पडली. कारण एवढंच, की कार्यकारिणीत बँकेत नोकरी केलेला मी एकटा आणि "केवायसी-बिवायसी तुम्हालाच कळतं." मंडळाचं नाव इथे देत नाही. तक्रारदाराची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि हे लिहायला तिची हरकत नाही, हे तिला विचारून घेतलं आहे. या प्रकरणात आम्ही विचारायला शिकलो, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

पार्श्वभूमी

इंदूरची मराठी घरं होळकरांच्या काळापासूनची. आता मात्र रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर इथल्या निम्म्या घरांत आई-वडीलच राहतात आणि मुलं पुणे-बंगळूरला. स्थळ शोधायचं तर पुणे, नागपूर, ग्वाल्हेर, बडोदा असं जाळं टाकावं लागतं. आमचं केंद्र दर रविवारी संध्याकाळी दोन तास उघडायचं. एक लोखंडी कपाट, त्यात रजिस्टरं, फायलींत फॉर्म आणि फॉर्मला टाचलेले फोटो. दर एक-दोन वर्षांनी मेळावा आणि मेळाव्याला परिचय पुस्तिका.

2018 च्या मेळाव्यासाठी तक्रारदाराच्या वडिलांनी फॉर्म भरला. ती तेव्हा 26 वर्षांची, पुण्यात नोकरीला. फॉर्मवर सही वडिलांची, फोन नंबर वडिलांचा, फोटो तिचा. पुढच्या वर्षी ग्वाल्हेर-पुण्याहून पुस्तिकेला मागणी येऊ लागली. कुरिअरचा खर्च परवडेना, म्हणून एका सभासदाच्या इंजिनिअर मुलाने पुस्तिकेची पीडीएफ मंडळाच्या वेबसाइटवर टाकली. सभेत त्याचं टाळ्या वाजवून कौतुक झालं. टाळ्या मीही वाजवल्या होत्या.

आपल्या बायोडेटात काय काय असतं ते एकदा परक्याच्या नजरेने वाचून बघा. पूर्ण नाव, म्हणजे वडिलांचंही नाव आलंच. जन्मतारीख, जन्मवेळ, जन्मस्थळ. पत्ता, शिक्षण, कंपनी, पगार. उंची, रंग, चष्मा आहे की नाही. भावंडं काय करतात. धाकटा भाऊ नववीत असेल तर तेही. आणि मामेकूळ, म्हणजे आईचं माहेरचं आडनाव, गावासकट. मी ज्या शाखेत होतो तिथे फोनवर ग्राहकाची ओळख पटवायची तर जन्मतारीख आणि आईचं माहेरचं आडनाव विचारत असू. मामेकूळ सोयरीक जुळवायला लागतं म्हणून छापायचं, हे माझ्या इतकं अंगवळणी पडलेलं, की या दोन गोष्टी माझ्या डोक्यात तोपर्यंत कधी एकत्र आल्याच नव्हत्या.

अडचण

तिचं लग्न 2020 मध्ये झालं, आमच्या केंद्रातून नव्हे. जुलै 2024 मध्ये तिची ईमेल आली. ऑफिसातल्या कोणीतरी तिचं नाव गूगलवर टाकलं आणि आमच्या पुस्तिकेतलं तिचं पान उघडलं. "रंग गव्हाळ, अपेक्षा: निर्व्यसनी, स्वतःचं घर" हे आता तिच्या टीमला पाठ होतं. एवढ्यावर भागलं असतं तर तिने कदाचित सोडून दिलं असतं. पण एका खासगी विवाह संस्थेने त्याच पानावरून तिचं कार्ड बनवलं होतं, तोच फोटो, खाली त्यांचा नंबर. ते कार्ड एका समाजमाध्यमावर होतं आणि व्हॉट्सअ‍ॅप गटांत फिरत होतं. फिरत फिरत सासूबाईंच्या भाचीपर्यंत गेलं. भाचीने विचारलं, "मामी, सूनबाईंचं स्थळ अजून चालू आहे का?" शिवाय वडिलांना महिन्यातून दोन-तीन फोन येत, "आपल्या कन्येसाठी उत्तम स्थळ आहे, नोंदणीचे तेवढे भरा."

ईमेल नेमकी होती. तिने तीन गोष्टी मागितल्या होत्या. माझी माहिती काढून टाका. ती तुम्ही कोणाकोणाला दिली ते कळवा. आणि रजिस्टरातूनही माझं नाव काढा. शेवटी, "काका, बाबांनी फॉर्म भरला होता हे मला माहीत आहे. मला कोणी विचारलं नव्हतं."

कायदा तेव्हा कुठे होता

आमच्या चिटणीसांचा पहिला प्रश्न, "हे तिला मागता येतं का?"

खरं उत्तर अर्धवट होतं. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने 24 ऑगस्ट 2017 ला पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला आणि स्वतःच्या माहितीवरचा ताबा त्यातच धरला. पण त्या निकालाचं बोट धरून आमच्यासारख्या मंडळाकडून एक पान काढून घेणं म्हणजे वकील, तारखा आणि वर्षं. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची संमती 11 ऑगस्ट 2023 ला मिळाली होती, तरी 2024 मध्ये तो लागू नव्हता. लागू होते ते माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 43-अ आणि त्याखालचे 2011 चे नियम. त्यांतली 'संवेदनशील' माहितीची यादी पासवर्ड, बँक-कार्डाचे तपशील, आरोग्य, बोटांचे ठसे अशी. जन्मतारीख, फोन, फोटो त्यात नाहीत. ते नियमही व्यापार-व्यवसाय करणाऱ्या संस्थांना. फॉर्मचे पैसे घेणारं नोंदणीकृत मंडळ त्यात बसतं का, यावर आमच्या ओळखीच्या दोन वकिलांची मतं दोन. केंद्र सरकारने जून 2016 मध्ये विवाह जुळवणाऱ्या वेबसाइटांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या होत्या. आमची फक्त एक पीडीएफ, म्हणून आपण 'वेबसाइट' नाही असं आम्ही धरून चाललो होतो. सोयीचं होतं ते.

2023 चा कायदा लागू धरला तर चित्र वेगळं दिसतं. त्यात डेटा ज्या व्यक्तीचा, हक्क तिचा. सज्ञान मुलीच्या वतीने वडिलांनी संमती देण्याची सोय त्यात नाही. ज्या कामासाठी माहिती घेतली ते काम संपलं किंवा संमती मागे घेतली, की माहिती पुसायची. माहिती आणखी कोणाला दिली हे विचारायचा हक्क कलम 11 मध्ये, दुरुस्ती आणि पुसण्याचा कलम 12 मध्ये, तक्रारीचा कलम 13 मध्ये. म्हणजे तिच्या तीनपैकी दोन मागण्या अजून लागू न झालेल्या कायद्यातून जशाच्या तशा उचललेल्या होत्या. कायद्यात माहिती सांभाळणाऱ्याला 'फिड्युशिअरी' असा शब्द आहे, त्याचा अर्थ विश्वस्त असा होतो. आमच्या मंडळाच्या लेटरहेडवर 'विश्वस्त' म्हणून सात नावं छापलेली आहेत. त्यांपैकी कोणाला हा अर्थ माहीत नव्हता.

समोरचे पर्याय

पुढच्या रविवारी बैठक झाली. पहिला पर्याय गप्प बसायचा. खजिनदार म्हणाले, "कायदा लागू नाही, वडिलांची सही आहे, पैसे भरल्याची पावती आहे. आपण का घाबरायचं?" दुसरा, फक्त तिचं पान काढायचं. तिसरा, सगळी पुस्तिका उतरवायची. चौथा रजिस्टरांचा, त्यावर सर्वांत जास्त आवाज चढले.

पहिल्या पर्यायाच्या बाजूने एक मुद्दा खरोखर विचार करण्यासारखा होता. चिटणीस म्हणाले, "पुस्तिकेत छापलं तेव्हाच ते जाहीर झालं. जाहीर गोष्ट खासगी कशी?" नव्या कायद्यातही अशी सूट आहे, पण ती व्यक्तीने स्वतः जाहीर केलेल्या माहितीला. आणि मेळाव्याला हॉलमध्ये आलेली माणसं, ज्यांच्यातले निम्मे एकमेकांचे व्याही-विहीण, त्यांच्या हातात पुस्तिका देणं वेगळं. वाटेल त्याला, वाटेल तेव्हा, नाव टाइप करून ते पान उघडता येणं वेगळं. वडिलांनी सही केली ती पहिल्यासाठी. वेबसाइटवर टाकताना आम्ही वडिलांनाही विचारलं नव्हतं, कोणालाच विचारलं नव्हतं. हे बोलल्यावर खजिनदारांनी पावतीपुस्तक मिटलं.

दुसरा पर्याय मला आधी पुरेसा वाटला होता. आमच्यातली सर्वांत लहान, कॉलेजात शिकणारी कार्यकर्ती म्हणाली, "काका, जिने तक्रार केली तिचंच काढायचं, तर बाकीच्यांना कळणार कसं की आपलंही तिथे आहे?" त्यावर कोणाकडेच उत्तर नव्हतं. पुस्तिका उतरवायची ठरली.

रजिस्टराचा प्रश्न अवघड होता. आमची सर्वांत जुनी रजिस्टरं पन्नास वर्षांपूर्वीची. एक निवृत्त शिक्षिका म्हणाल्या, "यात आपल्या समाजाचा इतिहास आहे. कोणत्या साली मुलींच्या नावापुढे बी.ए. लागायला लागलं ते यात दिसतं. खाडाखोड करू नका." नवा कायदाही डिजिटल माहितीपुरता आहे. कागदावरची नोंद कागदावरच राहिली तर तो तिला हात लावत नाही. स्कॅन केली की लावतो. गंमत अशी, की त्याच महिन्यात रजिस्टरं स्कॅन करून घ्यायचा ठराव आमच्यापुढे होता. तो आम्ही मागे ठेवला. तक्रारदाराच्या नोंदीवर कोरा कागद चिकटवला, खाली तारीख आणि माझी सही. मूळ फॉर्म आणि फोटो तिला रजिस्टर्ड पोस्टाने परत पाठवले. शिक्षिकाबाईंना हे आवडलं नाही आणि त्यांचं सगळंच चुकीचं होतं असं मला आजही म्हणवत नाही.

काय केलं, कसं चुकलं

वेबसाइट सांभाळणाऱ्या मुलाला फोन केला. अर्ध्या तासात त्याचा निरोप, "काका, झालं काम." मी तिला तसं कळवून टाकलं. आठ दिवसांनी तिने स्क्रीनशॉट पाठवला: पान गूगलमध्ये तसंच. मुलाने वेबसाइटवरची लिंक काढली होती. फाइल सर्व्हरवर जागेवर होती आणि थेट पत्ता टाकला की उघडत होती.

दुसरी चूक जास्त शहाणपणाची होती. त्याने रोबोट्स डॉट टीएक्सटी या फाइलमध्ये गूगलला 'इथे येऊ नको' असं लिहिलं. त्याने होतं काय, की गूगल फाइल पुन्हा वाचत नाही, पण तिचा पत्ता यादीत ठेवू शकतं. फाइल गेली आहे हे कळायला त्याला तिथे यावं तर लागतं, आणि दार आपणच लावलेलं. शेवटी फाइल सर्व्हरवरून पुसली, ती मनाई काढली आणि गूगलचा जुना झालेला मजकूर काढण्याचा फॉर्म भरला. त्यानंतर काही दिवसांत निकालांतून पान गेलं. ईमेल येऊन तोवर महिना उलटला होता. 'काढलं' असं तिला कळवण्याआधी मी दुसऱ्या कोणाच्या फोनवर स्वतः शोधून बघायला हवं होतं. बँकेत टॅली न करता दिवस बंद केला असता तर काय झालं असतं, हे मला वेगळं सांगायची गरज नव्हती.

विवाह संस्थेला पत्र पाठवलं, उत्तर नाही. फोन केला तर पलीकडून, "हमें तो ग्रुप से मिला है, भैया." कार्ड ज्या समाजमाध्यमावर होतं तिथल्या तक्रार अधिकाऱ्याकडे तिने स्वतः तक्रार केली. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या 2021 च्या नियमांप्रमाणे त्या वेळी पोच 24 तासांत आणि निकाल 15 दिवसांत द्यावा लागत असे. पोच आली, निकाल आला तो 'आमच्या धोरणाचा भंग दिसत नाही' असा. इथे बहुतेक लोक थांबतात. पण अशा नकारावर 30 दिवसांच्या आत केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील करता येतं. या समित्या 2023 पासून आहेत. एका वकील मित्राने दुसरा रस्ता सुचवला: मंडळाने पुस्तिकेच्या कॉपीराइटचा दावा लावावा, त्यावर कंपन्या पटकन हलतात. मोह झाला. पण फोटो स्टुडिओत काढलेला, चेहरा तिचा. त्यावर आमची मालकी सांगणं म्हणजे ज्या चुकीबद्दल माफी मागतो आहोत तीच नव्याने करणं. आम्ही त्याऐवजी लेटरहेडवर लिहून दिलं: ही माहिती आमच्या पुस्तिकेतून घेतलेली आहे, आम्ही कोणालाही ती वापरायची परवानगी दिलेली नाही, आणि संबंधित व्यक्तीची वेबसाइटसाठी संमती आम्ही घेतली नव्हती. शेवटचं वाक्य घालायला चिटणीसांचा विरोध होता. तेच नसतं तर बाकीच्या दोन वाक्यांना वजन आलं नसतं. अपील निकाली निघण्याआधीच कार्ड उतरलं. पत्रामुळे की अपिलामुळे, ते आम्हाला कळलं नाही.

'कोणाकोणाला दिलं' या तिच्या प्रश्नाचं उत्तर आम्ही देऊ शकलो नाही. पीडीएफ किती जणांनी उतरवून घेतली याची नोंद नव्हती. तसं प्रांजळपणे लिहून कळवलं.

जे केलं नाही

पुस्तिकेतल्या बाकीच्या घरांना कळवायचं का? आम्ही 'नाही' असं ठरवलं. बोभाटा होईल, पुढच्या मेळाव्याला फॉर्म येणार नाहीत, आणि "कोणाला काही त्रास झाला नाही तर उगाच कशाला." मीही हात वर केला, नाहीच्या बाजूने.

या प्रकरणातला सर्वांत वाईट निर्णय हाच. पुढच्या तीन महिन्यांत आणखी दोन घरांतून फोन आले. त्यातल्या एका मुलीचा घटस्फोट चालू होता आणि समोरच्या पक्षाच्या वकिलाने तिचं जुनं स्थळ 'अजून जाहिरात चालू आहे' म्हणून दाखवलं होतं. आम्ही जुलैमध्येच कळवलं असतं तर तिला निदान आधी माहीत असतं. नवा कायदा लागू झाल्यावर अशी माहिती सुटली तर या कायद्याखालच्या सरकारी डेटा संरक्षण मंडळाला आणि ज्यांची माहिती त्या प्रत्येकाला कळवणं बंधनकारक आहे, आणि न कळवल्यास दंड 200 कोटींपर्यंत जाऊ शकतो. हा आकडा ऐकून खजिनदारांनी आमच्या मुदत ठेवीची पावती काढून टेबलावर ठेवली. हशा झाला. पण हसून झाल्यावर त्याच बैठकीत सगळ्यांना पत्र पाठवायचा ठराव झाला. सहा महिने उशिरा.

तक्रारदारांनाही एक सांगायला हवं. हा दंड सरकारच्या तिजोरीत जातो. ज्याचं नुकसान झालं त्याला नव्या कायद्यात भरपाई नाही. उलट ज्या कलम 43-अ खाली भरपाई मागता येत असे, ते हाच कायदा काढून टाकतो.

निष्पन्न

नवा फॉर्म एका पानाचा आणि मराठीत आहे. सही उपवर मुलाची किंवा मुलीची स्वतःची. पालकांची जागा खाली, फक्त संपर्कासाठी. रजिस्टर, छापील पुस्तिका आणि व्हॉट्सअ‍ॅप यांसाठी तीन वेगळे चौकोन, हवा त्यावर खूण करायची. एका वर्षाने किंवा लग्न ठरल्यावर नोंद बाद. स्थळ मागे घ्यायला एक मेसेज पुरे. भरायला जेवढं सोपं तेवढंच काढायला सोपं असावं, असं कायदाच म्हणतो. पुस्तिकेत आता नाव नाही, क्रमांक असतो. पत्ता, जन्मवेळ आणि मामेकूळ दोन्ही बाजूंनी होकार आल्यावर केंद्रातून मिळतं.

डेटा संरक्षणाचे नियम 13 नोव्हेंबर 2025 ला अधिसूचित झाले. हक्कांची आणि संमतीची कलमं त्यानंतर 18 महिन्यांनी, मे 2027 मध्ये लागू व्हायची आहेत. तक्रारीचं उत्तर जास्तीत जास्त 90 दिवसांत द्यावं लागेल. आणि माहिती घेण्याआधीची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचायचा पर्याय द्यावा लागेल. म्हणजे मध्य प्रदेशात राहूनही एखाद्या आजीला ती मराठीत मागता येईल. आमच्या शिक्षिकाबाईंना कायद्यातली एवढी एकच गोष्ट मनापासून आवडली.

फॉर्म कमी झाले हे लपवत नाही. "फोन नंबर नाही तर स्थळ कळणार कसं?" म्हणून काही पालक चिडून गेले, आणि त्यांची अडचण खोटी नाही, साठीच्या बापाला रविवारी दोन तास केंद्रात येऊन बसणं जमेलच असं नाही. आणखी एक गोष्ट झाली जी कोणाच्या ध्यानीमनी नव्हती. स्वतःच्या सहीची अट घातल्यावर पहिल्याच महिन्यात तीन फॉर्म सहीशिवाय परत आले. दोन मुली आणि एक मुलगा. आई-वडिलांनी स्थळ घातलं आहे हे त्यांना फॉर्म हातात पडेपर्यंत माहीतच नव्हतं. एकीचे वडील केंद्रात येऊन बराच वेळ बसले, मग म्हणाले, "द्या ते पैसे परत."

पुन्हा करायचं झालं तर पीडीएफ टाकायच्या आधीच्या सभेपासून सुरुवात करेन, तक्रारीपासून नव्हे. तिथे कोणीतरी एकाने विचारायला हवं होतं, की हे वाचणार कोण.

छापील पुस्तिका आम्ही परत मागवल्या. फार थोड्या आल्या. माझ्या घरी एक असेल हे लक्षातच नव्हतं. गेल्या दिवाळीत कपाट आवरताना सापडली. पुतण्यासाठी आम्ही तेव्हा मुली बघत होतो, त्यामुळे पानोपानी बायकोच्या पेन्सिलीच्या खुणा. तक्रारदाराच्या पानावर बरोबरची खूण होती, आणि शेजारी लिहिलेलं: पगार चांगला, वडिलांना फोन करणे.